बगळ्याची मान

सोमवार, ३

जुना कॉम्प्युटर गेला. सकाळी बटण दाबलं तर आतून खाकरल्यासारखा आवाज आला आणि मग काहीच नाही. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "बाई, याचे सुटे भाग आता कुठे मिळायचे नाहीत. पण आतली डिस्क शाबूत आहे." एवढं सांगायला बराच वेळ बसला आणि चहा मागून घेतला.

डिस्क शाबूत असून मी काय करू? माझा टाक्यांचा प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चालतो. तो बनवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळून कित्येक वर्षं झाली. आणि भरतकामाच्या मशीनला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकायची सवय नाही. कागदावर चित्र कितीही सुंदर काढा, सुई कुठे शिरणार आणि कुठे वळणार हे त्या प्रोग्रॅमनेच सांगायचं. मशीन आहे, दोरे आहेत, हात आहेत, आणि काम ठप्प.

हे आत्ताच व्हायचं होतं. तळ्याकाठच्या हॉस्पिटलला सगळ्या नर्सच्या गणवेशावर लावायला कापडी बिल्ला हवाय, त्यावर तळ्यातला बगळा. काम मिळालं तर कायमचं. मेट्रन बाई महिनाअखेरीला येऊन, समोर बसून, त्यांच्याच कापडावर नमुना काढून घेणार आहेत. इकडे धाकट्या भाऊजींचा माझ्या पुढच्या खोलीवर डोळा. त्यांचा कुरिअरचा धंदा वाढलाय आणि गोदामात खोके मावत नाहीत. काल जेवताना विषय निघाला, माझा आवाज चढला, त्यांचाही चढला, आणि शेवटी अण्णांनी निकाल दिला, "मेट्रन बाईंनी नमुना पास केला तर खोली हिची. नाही केला तर मशीन विकायचं आणि खोली त्याची. यावर अपील नाही."

अण्णा म्हणजे माझे सासरे. शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि जन्मभर बुद्धिबळाच्या स्पर्धांना पंच. एकदा सख्ख्या भावाला त्यांनी स्पर्धेतून बाद केलं होतं, एका सोंगटीला बोट लावून दुसरीच हलवली म्हणून. ते काका मरेपर्यंत आमच्याकडे जेवले नाहीत. अशा माणसाच्या शब्दावर कोण बोलणार?

बुधवार, ५

वन्सं आल्या. यांची धाकटी बहीण, एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते. येताना नवा कॉम्प्युटर घेऊन आल्या. म्हणाल्या, "वहिनी, तुमचा जुना कॉम्प्युटर आता या नव्याच्या पोटात राहील." मला वाटलं, चेष्टा करतायत. पण तसं खरंच असतं म्हणे. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्यात उतरवायचं आणि एका चौकटीत जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा चालू करायचा. त्याला स्वतःला पत्ताही नसतो की आपण दुसऱ्याच्या घरात आहोत.

सुरू करताना पहिल्यांदा नाटक झालं. लाल अक्षरात काहीतरी तक्रार आली. वन्संनी कॉम्प्युटर बंद केला, चालू होताहोता एक बटण दाबून धरलं, एका निळ्या पानावर जाऊन 'व्हर्च्युअलायझेशन' नावाची गोष्ट सुरू केली. कारखान्यातून कधीकधी ती बंदच येते, त्यांनी सांगितलं. म्हणजे हातपाय असून कुणी बांधून पाठवावेत तसं. मग चौकटीत माझा जुना पडदा उजळला, माझी सगळी चित्रं जागच्या जागी. मला भरूनच आलं. वन्संना मिठी मारली.

अण्णांना तर माझ्याहून आनंद झाला. जुन्यात एक बुद्धिबळाचा खेळ आहे. मी दुपारी पडते तेव्हा ते त्याच्याशी खेळतात. त्याला ते पठ्ठ्या म्हणतात. पठ्ठ्याच्या बारा पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरी आधीपेक्षा अवघड, आणि जिंकलं की त्या पायरीवर आपलं नाव येतं. अण्णा चौथ्या पायरीवर कधीचे अडकलेत. एकेक डाव तीन-तीन दिवस चालतो त्यांचा.

मी स्वयंपाकघरात होते तेव्हा वन्सं त्यांना स्नॅपशॉट नावाचा प्रकार शिकवत होत्या. अर्धवट कानावर पडलं. एक बटण दाबलं की तो क्षण जपून राहतो, पुढे काही बिघडलं तर दुसरं बटण दाबून पुन्हा त्या क्षणाला येता येतं. अण्णांनी विचारलं, "म्हणजे मधे जे झालं ते?" वन्सं म्हणाल्या, "ते झालंच नाही, अण्णा." यावर अण्णांनी खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पुन्हा एकदा दाखव." या वयात नवं शिकायची केवढी हौस. मी मात्र असल्या भानगडीत पडत नाही, मला माझे टाके बरे.

गुरुवार, ६

माउस आत अडकला. जुन्या कॉम्प्युटरच्या चौकटीत गेला तो बाहेर यायलाच तयार नाही, नुसता भिंतींवर धडकतोय. वन्संना फोन केला. "उजवीकडचं कंट्रोल दाबा वहिनी, सोडेल तो." सोडला.

मग वाटलं, आतला बिचारा फार हळू चालतोय. सेटिंगमध्ये मेमरी वाढवायची खूण होती, ती मी उजवीकडे टोकापर्यंत ओढली. आतला पळायला लागला आणि बाहेरचा आडवा पडला. पुन्हा फोन. "वहिनी, भाडेकरूला अख्खं घर दिलंत तर मालकाने कुठे झोपायचं? निम्म्याच्या आत ठेवा." मी म्हटलं, हे आधी सांगायचं होतं.

शनिवार, ८

पहिला बगळा तयार. पेन ड्राइव्ह आत दिसेना, त्यात अर्धी सकाळ गेली. ती एका वेळी एकाच कॉम्प्युटरची होते, बाहेरच्याने धरून ठेवली तर आतल्याला मिळत नाही. वरच्या यादीत जाऊन हिला आत सोड असं सांगावं लागतं. सांगितलं, मशीनवर नेलं, काढलं, मेट्रन बाईंना फोटो पाठवला. त्यांचा निरोप आला: बदक छान आहे, पण आम्हाला बगळा हवा होता. मान लांब करा.

वन्सं म्हणतात की फाइल्स आत ठेवू नका, दोघांना दिसेल असं एक सामाईक फोल्डर करून बाहेर ठेवा. करायला गेले तर ते फोल्डर आत दिसेचना. कंटाळून सोडून दिलं. माझी वस्तू, माझ्या प्रोग्रॅमने बनवलेली, ती माझ्याच कॉम्प्युटरमध्ये राहील. बाहेर कशाला टांगायची?

मंगळवार, ११

मान लांब केली. मानेचं वळण जमवताना टाक्यांची दिशा तीनदा बदलावी लागली, पण जमली. फोटो गेला. मेट्रन बाई: मान आवडली, आता एक पाय वर घ्या.

अण्णा पाचव्या पायरीवर पोचले. चौथ्यावर कित्येक महिने बसलेला माणूस. मी म्हटलं, "काय जादू केलीत?" म्हणाले, "अभ्यास."

शुक्रवार, १४

डोकं फिरायची वेळ आलीय. आज फाइल उघडली तर मान आखूड. शनिवारचं बदक जसंच्या तसं माझ्याकडे बघतंय. मंगळवारी सेव्ह केल्याचं मला शंभर टक्के आठवतं. आणि आतल्या कॉम्प्युटरचं घड्याळ सोमवार दाखवतंय. मी बाहेरचं बघितलं, तिथे शुक्रवार. एकाच टेबलावर दोन वार.

अण्णांनी धीर दिला, "जुनं यंत्र आहे, विसरतं." ते स्वतः खुशीत होते. काल त्यांचा वजीर मेला म्हणून धड जेवले नव्हते, ताट तसंच सरकवलं होतं. आज विचारलं तर म्हणाले, "वजीर आहे की."

"काल गेला होता ना?"

"तुझ्या ऐकण्यात काहीतरी घोटाळा झाला असेल."

झालाही असेल. माझं लक्ष सध्या त्या मानेवर.

रविवार, १६

यांचा फोन आला. बोटीवरून पंधरवड्यातून एकदा येतो, आवाज येतो-जातो. सगळं सविस्तर सांगितलं. हे म्हणाले, "बंद करून चालू करून बघ." एवढ्यासाठी लग्न केलं मी.

मान पुन्हा लांब केली. पायही वर घेतला. गुडघ्याचा सांधा फार सुंदर आलाय. बगळ्याचा गुडघा मागे दुमडतो, ते मी मुद्दाम तळ्यावर जाऊन बघून आले.

बुधवार, १९

मान आखूड. दोन्ही पाय जमिनीवर. आतलं घड्याळ म्हणतंय शनिवार.

आता हे आपोआप होत नाही. माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही, म्हणून शांत बसून विचार केला. खोलीत येतं-जातं कोण? मी, अण्णा, आणि काल दोन खोके ठेवण्याच्या निमित्ताने भाऊजी. क्षणभर, अगदी क्षणभर, मनात आलं की अण्णा रोज दुपारी त्याच कॉम्प्युटरवर असतात. आणि माझीच मला लाज वाटली. ज्या माणसाने बोट लागल्याबद्दल सख्खा भाऊ तोडला त्याच्याबद्दल असा विचार? राहिलं कोण, ते उघड आहे. खोली कुणाला हवीय?

खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली अण्णांकडे दिली. सांगितलं, "अण्णा, आता तुम्हीच पहारा करा. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही." अण्णा किल्लीकडे बघत राहिले. म्हणाले, "एवढा विश्वास नको ठेवूस." किती नम्र माणूस.

गुरुवार, २०

अण्णांनी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. दुपारभर खुर्ची सोडली नाही, आतून कडी लावून बसले होते. सातवी पायरी सर केली म्हणे, बसल्या बसल्या. तरीही सकाळी केलेली मान संध्याकाळी गायब.

म्हणजे भाऊजी हे लांबून करतात. वायफायवरून. हल्ली लोक कुठून काय काय करतात, आपण वाचतो.

जेवताना माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, खोली हवी तर तोंडाने मागा. माझ्या बगळ्याची मान रोज कापायची काही गरज नाही." भाऊजींचा घास हातात राहिला. "वहिनी, मला माझा फोन धड लावता येत नाही. खोक्यावरचा बारकोडसुद्धा मी दुसऱ्याकडून स्कॅन करून घेतो. मी तुमचं काम बिघडवीन?" आणि मग अण्णांकडे वळून, "अण्णा, तुम्ही तरी सांगा."

अण्णा ताटातलं मीठ बोटाने गोळा करत होते. पंच माणूस, पुराव्याशिवाय बोलणार नाही. भाऊजी ताटावरून उठून गेले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. लहान होते तेव्हा त्यांना मी शाळेत सोडायला जायची. पण खोली गेली तर मी काय करायचं? या खोलीत मी पंधरा-पंधरा तास उभी राहिलेय. यांची बोट बंद पडली होती तेव्हा घर या मशीनने चालवलंय.

शुक्रवार, २१

आतला कॉम्प्युटर अर्ध्यावर थांबला. डिस्क भरली, जागा नाही, असा निरोप. मी कुठे एवढं ठेवलंय? एक बगळा तर आहे.

वन्संनी त्यांच्या घरून माझा पडदा बघितला. फोन चालूच होता. त्यांनी कुठलीशी यादी उघडली, ती संपतच नव्हती. मीही वाचली: 'घोडा', 'घोडा वाचवला', 'उंट', 'उंट पुन्हा', 'वजीर, जपून'. वन्सं इतक्या हसायला लागल्या की त्यांना ठसका लागला. मी विचारलं, हे काय जनावरांचं? म्हणाल्या, "काही नाही वहिनी, कंपन्यांना सवय असते. प्रत्येक आवृत्तीला प्राण्यांची नावं देतात." खरंय, मीही कुठेतरी वाचलंय तसं. त्या नावांचा नुसता कचरा साचला होता, त्याने जागा खाल्ली. त्यांनी तो काढून टाकला.

मग म्हणाल्या, "जरा अण्णांना द्या." अण्णा फोन घेऊन खिडकीपाशी गेले. त्यांचे कान लाल झालेले मला इथून दिसत होते. "हो... हो... म्हणजे तिचं पण जात होतं? मला वाटलं, फक्त डावच... अरे... हो, एकच ठेवीन. एकाहून जास्त नाही. बरं." फोन ठेवला आणि चपला घालून थेट भाऊजींच्या गोदामाकडे गेले, ऊन असूनही. बहुतेक त्यांना समज द्यायला.

शनिवार, २२

समज चांगलीच दिली असावी. भाऊजी सकाळी आले, स्वतःचे दोन खोके स्वतः उचलून घेऊन गेले आणि जाताना हसत म्हणाले, "वहिनी, आता तुमच्या बगळ्याला काही होणार नाही." घ्या. आपण होऊन कबूल केलं. पण हसण्यासारखं त्यात काय होतं ते कळलं नाही.

अण्णांना काय झालंय कोण जाणे. पठ्ठ्याच्या पायऱ्यांवरची आपली सगळी नावं त्यांनी पुसून टाकली. पहिलीपासून सातवीपर्यंत. मी म्हटलं, "अहो, एवढ्या मेहनतीने मिळवलेली." म्हणाले, "आठवीवर एकच डाव खेळणार. जिंकलो तर जिंकलो." उतारवयात माणसाला असं होतं, मोह सुटतात.

मंगळवार, २५

मान लांब, पाय वर, गुडघा मागे. रोज उघडते आणि सगळं जागेवर असतं. घड्याळही बरोबर. माणसाला एकदा खडसावलं की कसं सरळ होतं बघा.

अण्णा रोज हरतात. आठवी पायरी त्यांना पाणी पाजतेय. चिडतात, पटावर वाकून बसतात, पठ्ठ्याला शिव्या घालतात. पण एक गंमत बघितली, हल्ली हरल्यावर जेवतात व्यवस्थित.

बुधवार, २६

दोन चांगल्या गोष्टी. पहिली: बगळा पूर्ण झाला. चिंधीवर काढून बघितला, कुठेही चुणी नाही. उद्या सकाळी अकरा वाजता मेट्रन बाई येणार, त्यांचं गणवेशाचं कापड घेऊन. समोर एक काढून दाखवायचा.

दुसरी: अण्णा जिंकले. मी झोपेतून उठून खोलीत गेले तेव्हा ते उभे होते आणि पडद्यापुढे हात धरला होता, शेकहँडसाठी असतो तसा. पडद्यावर आठव्या पायरीपुढे त्यांचं नाव. बाकी सगळ्या पायऱ्या रिकाम्या, फक्त तेवढं एकच. सांगत होते, "डाव सुरू करण्यापूर्वी ते बटण दाबून ठेवलं होतं, सवयीने. पण गरज पडली नाही बघ. एकदाही." कुठलं बटण ते मी विचारलं नाही, आनंदात माणूस काहीही बोलतो. इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या गळ्यात पदकं घातली या माणसाने, स्वतः कधी कुठली स्पर्धा खेळला नाही. म्हणायचे, पंचाने खेळायचं नसतं.

"रविवारी तुझी नणंद येतेय," म्हणाले. "तिला दाखवायचंय. तोवर हे बंद करू नकोस, असंच राहू दे." मी म्हटलं, "हात लावणार नाही." आणि खरंच नाही लावला.

गुरुवार, २७

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी लवकर उठून बसले. सगळं तयार होतं, गप्प बसायचं होतं. पण मला वाटलं, डोळा जरा बारीक दिसतो. डोळा मोठा केला. मग वाटलं, बगळाच जरा लहान हवा, बिल्ल्याच्या कडेला फार टेकतोय. कोपरा धरून लहान केला. प्रोग्रॅमने काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. सेव्ह केलं, त्याच नावाने, आत आणि पेन ड्राइव्हवरही. मशीनवर लावला आणि सुई जागच्या जागी नाचायला लागली. बगळा लहान झाला पण टाके तेवढेच राहिले, टाक्यावर टाका, टाक्यावर टाका. दोरा तुटला. पुन्हा घातला, पुन्हा तुटला. बाहेर आलं ते एक गाठोडं, त्याला एक चोच. मागे घ्यायला गेले तर प्रोग्रॅम मी मघाशी बंद करून पुन्हा उघडला होता, त्याला मागचं काही आठवेना. हे पुन्हा उभं करायला मला दोन दिवस लागतात. घड्याळात दहा वाजले होते.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. मोठ्याने. यात भाऊजींचा काही संबंध नव्हता, माझ्याच हाताने गेलं होतं. खोली गेली, मशीन गेलं. मनात मी मशीन टेम्पोत चढवून पण टाकलं.

अण्णा दारात उभे होते. कधीपासून, माहीत नाही. पडद्याकडे बघत होते. एका बाजूला माझं गाठोडं उघडं होतं, शेजारी त्यांची पायऱ्यांची यादी. त्यांनी विचारलं, "काल दुपारी, मी डाव सुरू केला तेव्हा, तुझा बगळा नीट होता?"

"नीट होता. पूर्ण झाला होता."

"सेव्ह केलेला?"

"हो अण्णा. पण आता काय उपयोग?"

ते खुर्चीवर बसले. वन्संना फोन लावला, हळूच विचारलं, "दोन नाही ठेवता येणार? ... जागा नाही. बरं. नाही, काही नाही, सहज." फोन ठेवला. मग पडद्यावरच्या आपल्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मला म्हणाले, "ऊठ. तोंड धू. फाटकापाशी जाऊन मेट्रन बाई येतायत का बघ. मला जरा एकट्याला बसू दे."

मी गेले. परत आले तर ते खोलीतून बाहेर येत होते. म्हणाले, "जाऊन बघ."

बगळा होता. लांब मान, वर घेतलेला पाय, मागे दुमडलेला गुडघा, कालचा बारीक डोळा. मी ओरडलेच, "कसं काय?" अण्णा म्हणाले, "आलं परत. जुनं यंत्र आहे, कधी विसरतं, कधी आठवतं." डोळ्याला हात न लावता मी तो तसाच पेन ड्राइव्हवर घेतला.

मेट्रन बाई वेळेवर आल्या. धिप्पाड बाई, हसत नाहीत. मशीनसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि सुईवरची नजर हलवली नाही. बिल्ला निघाल्यावर कापड दोन्ही बाजूंनी ताणून बघितलं, उलटं करून बघितलं, नखाने दोरा उचकटायचा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "हा बगळा आहे." आणि कापडाचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

मी अण्णांच्या पाया पडायला धावले तर ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, जरा थकलोय. संध्याकाळी भाऊजींकडे जाऊन माफी मागितली. म्हटलं, कॉम्प्युटर आपोआप बिघडत होता, आपोआप सुधारला, तुमच्यावर उगाच आळ घेतला. भाऊजी म्हणाले, "जाऊ दे वहिनी, मला सगळं माहीत होतं." मोठ्या मनाचा माणूस आहे.

रविवार, ३०

वन्सं आल्या. आल्या आल्या त्यांनी ते सामाईक फोल्डर सुरू करून दिलं. आत काहीतरी बसवायचं राहिलं होतं, म्हणून दिसत नव्हतं. आता माझ्या फाइल्स बाहेर राहतील आणि आतला कॉम्प्युटर कुठेही गेला तरी त्या हलणार नाहीत. अण्णांनी हे तीनदा विचारून घेतलं, माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त काळजी.

जेवणं झाली, भाऊजीही होते. माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "वन्सं, आधी अण्णांचा पराक्रम बघा."

अण्णा म्हणाले, "पराक्रम कसला, हरलो."

"हरलो काय? मी माझ्या डोळ्यांनी नाव बघितलंय. आठवी पायरी." आणि तरातरा जाऊन यादी उघडली. आठव्या पायरीपुढे काही नाही. सगळ्याच रिकाम्या. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. मी शपथ घेऊन सांगितलं की नाव होतं.

वन्सं माझ्याकडे वळल्या. "वहिनी, शेवटचं कधी बघितलंत?"

"गुरुवारी सकाळी. माझा बगळा बिघडला तेव्हा शेजारीच उघडं होतं."

"आणि बगळा परत आला तेव्हा?"

"तेव्हा कुठे बघणार मी? मेट्रन बाई फाटकात होत्या."

वन्सं अण्णांकडे बघायला लागल्या. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या खोक्यांवर ऊन येतंय, हलवायला हवेत." बाहेर एकही खोका नव्हता. वन्संचे डोळे भरून आले होते, प्रवासाची दगदग असणार. मग त्या उठल्या, माझ्या टेबलावरच्या तयार बिल्ल्यांच्या गठ्ठ्यातून एक घेतला, पिन शोधली आणि अण्णांच्या शर्टावर, खिशाच्या वर, लावला. भाऊजी उगाचच टाळ्या वाजवायला लागले. अण्णा म्हणाले, "पुरे." पण छाती काढून बसले.

मी म्हटलं, "अहो, ते मोजून ठेवलेत." कुणी लक्षच दिलं नाही. अण्णा तो लावून फिरायला गेले, परत आले, आत्ता खुर्चीवर डुलकी घेतायत, अंगावर बिल्ला तसाच. मागायचं कसं? मेट्रन बाईंच्या गठ्ठ्यात एक बगळा कमी भरणार. उद्या सकाळी पहिलं काम, एक जास्तीचा काढायचा.